तोंडात आमसूल

नाखवा सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, आमसुलांची डबी असायची. पूर्वी कधीतरी बाम ठेवलेली, झाकणावरचा रंग उडालेली, गोल पत्र्याची डबी. वर्गात कुणाचा गेम तपासायची वेळ आली की सर ती उघडून गेम बनवणाऱ्या मुलांपुढे धरायचे. प्रत्येकाने एकेक आमसूल उचलून गालात ठेवायचं. चावायचं नाही, गिळायचं नाही. खेळायला बसलेला माणूस उठेपर्यंत ते तिथंच राहायला हवं.

"म्हंजे तोंडाला काम राहतं," सर म्हणायचे. "नायतर तुमची तोंडं लगेच चालू होतात. इकडे दाब, तिकडे जा, ते लाल दिसतंय ना ते घे. अरे, उद्या तुमचा गेम लोकांच्या मोबाइलवर जाईल, तवा प्रत्येकाच्या घरी मागे उभे राहनार हाय का तुमी?"

मुलं हसायची, पण गालातल्या गालात. तोंड उघडलं तर आमसूल पडेल ही भीती.

नवीन पनवेलच्या आमच्या कॉलेजात डिजिटल माध्यमं आणि व्हिडिओ गेम डिझाइन असा पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा मी त्याची प्रभारी विभागप्रमुख झाले. प्रभारी हा शब्द मुद्दाम लिहिते आहे, पुढे जे झालं त्यात त्या शब्दाचाही वाटा आहे. मी मूळची उपयोजित कलेची. जाहिरातीची मांडणी, अक्षरं, रंग हे मला येत होतं. गेम मात्र आयुष्यात खेळले नव्हते. मुलगा खेळत बसला की मागून ओरडायचं, एवढाच माझा त्या विषयाशी संबंध. त्यामुळे शिकवणारं कुणीतरी पटकन हवं होतं, आणि पनवेलपर्यंत यायला कुणी तयार नव्हतं.

नाखवा सर उरणकडच्या खाडीकाठच्या गावातून दोन वाहनं बदलून मुलाखतीला आले. वय अठ्ठेचाळीसच्या पुढे, केस पांढरे, हात मात्र एखाद्या वल्हवणाऱ्याचे. घरची बोट होती, पुढे ती राहिली नाही. तरुणपणी ते बोटींवर नावं रंगवायचे, मग कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायला शिकले, तिथून मुंबईतल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत गेले. ती कंपनी बंद पडली तसे घरी बसले होते.

"शिक्षण?" मी विचारलं.

"बारावी. पुढचं बोटीवर झालं."

मला ते उद्धट वाटलं. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "तसं नाय म्याडम. बोटीवर नाव लिहायचं म्हंजे ते पान्यात हलतानाबी लांबून वाचता आलं पाहिजे. किनाऱ्याला उभं राहून छान दिसलं, त्याचा उपेग नाय."

मी त्यांना तासिका तत्त्वावर घेतलं. माझ्या नोकरीतला हा एक निर्णय असा, की ज्याचा मला अजून अभिमान वाटतो.

पहिला महिनाभर त्यांनी मुलांना कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. लॅबमधली टेबलं भिंतीला सरकवली आणि सगळ्यांना फरशीवर बसवलं. खडे, शिंपले, खडू. यातून असा खेळ करायचा, की नियम न सांगता समोरच्याला कळला पाहिजे. पंधरवड्यात एका मुलाचे वडील माझ्या केबिनमध्ये आले. विचुंब्याच्या नव्या टॉवरमध्ये राहणारे, बँकेत अधिकारी, घडीची पँट.

"मॅडम, आम्ही याला गेम डिझाइनला घातलंय आणि हा रोज घरी येऊन सांगतो, आज खडे मांडले!"

मी त्यांना लॅबमध्ये घेऊन गेले. वाटलं, सर काहीतरी समजावून सांगतील. सरांनी फक्त सतरंजीकडे बोट केलं. "बसा ना साहेब. तुमच्याच पोराचा खेळ हाय."

साहेब बसले. पाच मिनिटांनी त्यांनी घड्याळ काढून बाजूला ठेवलं. अर्ध्या तासाने ते गुडघ्यावर रेलून, शर्ट बाहेर आलेला, असे ओरडत होते, "अरे पण मी हरलो कसा?"

"ते पोराला विचारा," सर म्हणाले. "पन जरा थांबावं लागंल. त्याच्या तोंडात आमसूल हाय."

सरांचा दुसरा नियम हातांचा. खेळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, त्याच्या हातांकडे बघायचं. "चेहरा पाहुन्यासारखा असतो. छान हाय, छान हाय म्हनतो नि घरी जाऊन नावं ठेवतो. हाताला तसं जमत नाय. हात अडला की समजायचं, इथं काय तरी राहिलंय."

आणि तिसरी होती लाल पुठ्ठ्याची वही. गेममध्ये कुणीही काहीही बदललं, एखादा आकडा का असेना, तर वहीत लिहायचं. तारीख, काय बदललं, किती होतं ते किती केलं, आणि शेवटच्या रकान्यात स्वतःच्या हाताने नाव. झैनब नावाची आमची एक हुशार विद्यार्थिनी होती, जुन्या पनवेलची, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. ती एकदा म्हणाली, "सर, कॉम्प्युटर आपोआप नोंद ठेवतो की!"

"कॉम्प्युटर कवा झालं ते लिहितो," सर म्हणाले. "कोनी केलं ते मानसाने लिहावं. लॅबचा पासवर्ड सगळ्यांचा एकच हाय ना?"

मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. त्यांचा तास संपला तरी उठायची नाहीत, माझ्या तासाला उशिरा यायची. मला याचं वाईट वाटायचं. वाईट वाटायचं असं इतकी वर्षं म्हणत आले. तो मत्सर होता.

शेवटच्या वर्षाला झैनब आणि तिच्या गटातल्या तिघांनी खाडीवरचा गेम करायचं ठरवलं. सर त्यांना आधी गावच्या खाडीत घेऊन गेले. पायातलं काढायला लावून गुडघाभर चिखलात उतरवलं. झैनबचा एक पाय रुतला. ती ओढायला लागली तसा आणखी खाली गेला. काठावरून सर म्हणाले, "ओढू नको. ऱ्हा उभी. चिखल सोडतो, त्याला वेळ दे."

त्यातून त्यांचा गेम निघाला. एक छोटी होडी खाडीतून समुद्राकडे न्यायची. मध्येच ओहोटी लागते, पाणी हळूहळू उतरतं आणि होडी चिखलात बसते. खेळणारा सगळी बटणं दाबत सुटतो. जितकं दाबावं तितकी होडी रुतते. सुटायचा मार्ग एकच. हात काढून घ्यायचा आणि थांबायचं. पाणी तळाला टेकलं की भरती सुरू होते, होडी उचलली जाते आणि पुढची वाट उघडते. कुठेही बाण नाही, सूचना नाही.

मी खेळून बघितला तेव्हा रुतलेच. दोघा प्राध्यापकांना बसवलं, तेही रुतले. मग सरांनी आपल्या मोठ्या बहिणीला आणलं. चांगुणाबाई पनवेलच्या मासळी बाजारात बसायच्या. धंदा उरकून, पाटी दाराबाहेर ठेवून त्या आल्या. नाकात नथ, दंडात वाकी, आणि एसीत बसायचं म्हणून खांद्यावर टॉवेल.

"गजा, यो टीव्ही हाय का काय?"

"खेल बाय. होडी हाय."

त्यांनी होडी हाकली. पाणी उतरलं, होडी बसली. आम्ही पाच-सहा जण मागे आमसूल चघळत त्यांच्या हातांकडे बघतोय. चांगुणाबाईंनी एकदा बटण दाबलं. मग हात उचलले, मांडीवर ठेवले आणि मागे वळून मला म्हणाल्या, "आता काय, पानी येल तवा जाऊ. चा हाय का गो, बाय?"

पाणी आलं. होडी सुटली. झैनब तोंडातलं आमसूल सांभाळत उड्या मारत होती. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. डोळे पुसत होते, हे मला बाजूने दिसलं.

त्याच वर्षी सरांना कायम करण्याचा प्रस्ताव मी पाठवला होता. पदवी नसल्यामुळे खास बाब म्हणून मंजुरी लागणार होती. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, बाहेरचे तज्ज्ञ येणार आहेत, मुलांचं काम बघू दे, मग दोन्ही गोष्टींचा निर्णय करू. दोन्ही म्हणजे सरांची नोकरी आणि माझ्या मागचा 'प्रभारी' हा शब्द.

तज्ज्ञ दुपारी तीनला येणार होते. दीडच्या सुमारास सर मुलांना घेऊन वडापाव खायला गेले. लॅबच्या चाव्या दोन. एक सरांकडे, एक माझ्याकडे. मी आत गेले आणि गेम लावला. होडी रुतली. आणि मला ते दृश्य दिसायला लागलं, की तज्ज्ञांची होडी रुतली आहे, अध्यक्ष घड्याळ बघताहेत, आणि आम्ही सगळे तोंडात आमसूल घेऊन पुतळ्यांसारखे उभे. चांगुणाबाईंना जमलं ते सूटबुटातल्या माणसाला कसं जमणार? तो म्हणणार, बंद पडलंय.

ओहोटीचा आकडा कुठे असतो ते मला झैनबने कधीतरी दाखवलं होतं. नऊ होता. मी चार केला. आता पाणी थोडंसंच उतरणार, होडी बसणारच नाही. मी दोन मिनिटं खेळून पाहिलं. होडी सुरेख तरंगत होती. किनाऱ्याला उभं राहून छान दिसत होतं. मी लॅब बंद केली. वही टेबलावरच होती, तिला हात लावला नाही. म्हटलं कार्यक्रम झाला की आकडा परत नऊ करू, कुणाला कळणार आहे!

पाणी तळाला टेकल्याशिवाय भरती सुरू होत नाही, हे मला माहीत होतं. वर मीच तसं लिहिलंय. पण त्या दुपारी ते सुचलं नाही.

तज्ज्ञ खेळायला बसले. शांत, सभ्य माणूस होता. होडी निघाली, पाणी थोडं उतरलं आणि थांबलं. होडी तरंगत राहिली, पुढची वाट मात्र उघडेना. त्यांनी दोन-चार बटणं दाबून पाहिली. आणि मग, हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात, त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवले. त्यांना कळलं होतं. बाण नाही, सूचना नाही, तरी त्या माणसाला कळलं होतं की थांबायचं आहे. ते थांबले. दोन मिनिटं, पाच मिनिटं. भरती काही आली नाही.

आम्ही सहा जण मागे उभे. झैनबचे डोळे भरून आले होते. सर आधी पडद्याकडे बघत होते. मग त्यांची नजर खाली, टेबलावरच्या वहीकडे गेली.

"बहुतेक बंद पडलंय," तज्ज्ञ हळूच म्हणाले. अध्यक्ष मोठ्याने हसले. "काय नाखवा, तुमची खाडी काय भरत नाही!"

पाहुणे गेल्यावर प्राचार्यांच्या खोलीत आम्ही चौघे होतो. अध्यक्ष, प्राचार्य, सर आणि मी. माझं आमसूल अजून गालातच होतं. थुंकायला जागा मिळाली नव्हती, खरं तर शोधलीच नव्हती. प्राचार्य म्हणाले, "एक वाजून चाळीस मिनिटांनी बदल झालाय असं दिसतंय. लॅब तर बंद होती. चावी कुणाकडे होती?"

"एक माझ्याकडे होती," सर म्हणाले.

एक. तो शब्द त्यांनी खोलीत ठेवला. प्राचार्यांच्या तो लक्षात आला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

सरांनी खिशातली डबी काढली, एक आमसूल गालात ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही. मी टेबलावर पेनचं टोपण काढत होते, लावत होते, काढत होते.

"बघावं लागेल, सर," मी म्हणाले.

एवढंच. तीन शब्द. त्यात मी कुणावर आरोप केला नाही, खोटंही बोलले नाही. पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत होते.

प्रस्ताव बारगळला. शेऱ्यात 'कामातील निष्काळजीपणा' असं आलं आणि त्याखाली विभागप्रमुख म्हणून माझी सही आहे. प्रभारी हा शब्द पुढच्याच महिन्यात गेला.

झैनब आठ दिवस स्वतःच्या फाइली तपासत होती. एकदा केबिनमध्ये आली, डोळे सुजलेले. "मॅडम, माझ्याच हातून झालं असेल का? खुदा कसम, मला आठवत नाही."

"होतं असं कधी कधी," मी म्हणाले. "जाऊ दे आता."

एकवीस वर्षांच्या मुलीला मी तिने न केलेल्या चुकीची माफी देऊन पाठवलं. तिला बाहेर काढलं ते सरांनी. "तुजा आकडा बरोबर होता, मी बघितलाय," एवढं त्यांनी तिला सांगितलं. मग कुणाचा चुकला, हे तिने विचारलं तर म्हणाले, "ज्याचा त्याला ठाव हाय. आपन नाय सांगायचं."

जूनमध्ये सरांना पुन्हा बोलावणं गेलं नाही. ते चावी द्यायला आले तेव्हा मी चहा मागवला. त्यांनी सावकाश प्यायला, बशीतला शेवटचा घोटसुद्धा. दार लावलेलं, खोलीत आम्ही दोघंच. याहून चांगली संधी कुणाला मिळते? मी त्यांना यंदा खाडीला मासळी कशी आहे ते विचारलं.

"हाय बरी," ते म्हणाले. उठले. दारात थांबून म्हणाले, "म्याडम, वही कपाटात ठेवलीय. एक वल पुरी व्हायची हाय."

ती ओळ मी त्याच संध्याकाळी पाहिली. त्या दिवसाची तारीख. 'ओहोटीचा आकडा. नऊ होता, चार केला.' सगळं त्यांच्या त्या बोटीवरच्या अक्षरात, लांबून वाचता येईल असं. शेवटचा रकाना रिकामा होता. मी वही घरी आणली आणि साड्यांच्या खाली ठेवली.

यंदाच्या पावसाळ्यात नाखवा सर गेले. मला ते मासळी बाजारात चांगुणाबाईंकडून कळलं. "गेला ना गो आमचा गजा," त्या म्हणाल्या आणि कोलंबी मोजता मोजता थांबल्या. "तुमच्या कालेजाची लय आठवन काढायचा. पोरांची नावं घ्यायचा एकेक." माझं नाव घ्यायचे का, हे मी विचारलं नाही. विभागाच्या वार्षिकात सरांवर दोन शब्द लिहा असं मुलांनी सांगितलं, तेव्हा मी एक लेख लिहूनही दिला होता. त्यात त्यांचा साधेपणा होता, तळमळ होती. दुसऱ्या दिवशी मी तो परत मागून घेतला.

हे लिहायला बसण्याआधी झैनबला फोन केला. ती आता पुण्यात गेमच बनवते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं फोन कट झाला.

"झैनब?"

"ऐकतेय मॅडम." मग म्हणाली, "वही आहे ना तुमच्याकडे? लिहा."

लिहिलं. माझं पूर्ण नाव त्या रकान्यात मावलं नाही, शेवटची अक्षरं समासात गेली.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी, एका रविवारी सकाळी, त्याच बाजारात. बहिणीच्या मागे उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून ते बर्फ फोडत होते. थकले होते. चांगुणाबाई ओरडल्या, "अगो बाय, म्याडम आल्या! कॉम्पुटरवाल्या!" सरांनी मान वर केली, ओळखीचं हसले, बर्फ फोडायचं थांबवलं. आजूबाजूला गर्दी होती, पण कुणाचंच आमच्याकडे लक्ष नव्हतं. मी म्हणाले, "सर, मला..." आणि थांबले.

त्यांनी घाई केली नाही. ओला हात बनियनला पुसला, बाजूच्या पिशवीतून ती डबी काढली, एक आमसूल गालात ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

"पापलेट कसे दिले?" मी चांगुणाबाईंना विचारलं.

त्यांनी भाव सांगितला. मी पर्स उघडायला गेले तर चेन अडकली. पुढे होईना, मागे होईना. मी ओढत होते. सर माझ्या हातांकडे बघत होते.